दाणा नसलेलं हिरवं

कियारी मास्तर शिकवता शिकवता हरवतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खडू फळ्याला टेकलेला, वाक्य अर्ध्यावर, आणि नजर खिडकीबाहेर वाळूच्या टेकडीवर. वर्ग गप्प बसून वाट बघायचा. थोड्या वेळाने मास्तर परतायचे आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलायचे. नवा मुख्याध्यापक हे पहिल्यांदा बघून घाबरला होता. त्याला वाटलं, माणसाला झटका आला. शिपायाने त्याची समजूत घातली की काही झालेलं नाही, मास्तर तळ्यावर गेलेत, येतील.

आणि ते खरंच तळ्यावर गेलेले असायचे. टेकडीच्या पलीकडे खाऱ्या पाण्याचं तळं आहे. चाड सरोवराच्या काठाने, बोल या गावाच्या आसपास, अशी तळी पुष्कळ. पण आपलं ते आपलं. त्या पाण्यावर हिरवा दाट थर धरतो. बायका तो टोपल्यांनी काढतात, वाळूतल्या खळग्यांत ओततात, पाणी जिरलं की वड्या पाडून वाळवतात. त्याला दिहे म्हणायचं. बाजरीच्या गोळ्याबरोबर दिहेचं कालवण नसेल तर आमच्याकडच्या माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही.

तळ्यात उतरतात त्या फक्त बायका. पुरुषाचा पाय लागला तर पाणी हिरवं धरायचं थांबतं, असं सगळे मानतात. ओलं दिहे पुरुषाच्या हातात द्यायचं नाही, एकदा वाळलं की मग खुशाल घ्या. हे असं का, ते कुणी विचारत नाही. कियारींनीही कधी विचारलं नाही, कारण त्यांना ते आईने सांगितलं होतं.

आई त्यांना पाठीला बांधून तळ्यात न्यायची. तिच्या खांद्यावरून दिसलेलं ते हिरवं त्यांच्या आयुष्यातली पहिली आठवण होती. सगळीकडे हिरवं, वर पांढरं आभाळ, आणि आईच्या पाठीचा ओलसर गरमपणा. मग दुधाचे दात पडायला लागले आणि एका सकाळी आईने त्यांना टेकडीच्या अलीकडे, गाढवांपाशी बसवलं आणि एकटी पुढे गेली. त्या दिवशी ते रडले नाहीत. पण त्या टेकडीकडे बघत राहायची सवय जी लागली ती कायमची.

पुढे ते राजधानीत शिकायला गेले. तिथे एका प्राध्यापकाने फळ्यावर दोन गोल काढले आणि सांगितलं की सजीवांच्या पेशी दोन तऱ्हेच्या. एकीच्या मधोमध पडद्यात गुंडाळलेलं केंद्रक असतं, त्यात तिचं सगळं गुपित जपलेलं. शिवाय आत वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या खोल्या. ही दृश्यकेंद्रकी. दुसरीला केंद्रक नाही, खोल्या नाहीत; जे काय आहे ते सगळं एकाच जागेत मोकळं. ती आदिकेंद्रकी, फार लहान आणि फार जुनी. मग तो सहज म्हणाला की तुमच्या उत्तरेकडच्या तळ्यांतलं हिरवं असतं ना, ते शेवाळ वाटतं पण शेवाळ नव्हे, ते या दुसऱ्या घराण्यातलं. बाकीची मुलं लिहून घेत होती. कियारी मात्र उठून उभे राहिले होते, आणि आपण उभे आहोत हे त्यांना वर्ग हसला तेव्हा कळलं.

मास्तर होऊन गावी परतल्यावर त्यांनी तो धडा शिकवला तो असा की गावातल्या शेळ्या राखणाऱ्यालाही तो अर्धामुर्धा येत होता. सुलतानाचा वाडा बघा, म्हणायचे. बाहेर भिंत, आत भिंत, मधल्या घरात सुलतान, एका बाजूला कोठार, एका बाजूला चुली. ही झाली कांद्याची पेशी, बकरीची पेशी, तुमची माझी पेशी. आणि गुराख्याचा चटयांचा तंबू बघा. एकच जागा. तिथेच धान्य, तिथेच चूल, तिथेच म्हातारी, तिथेच करडू. ती झाली दिहेची. मुलं विचारायची, मग तंबूवाले मागासले का? मास्तरांना तो प्रश्न मनापासून आवडायचा. ते म्हणायचे, अरे, वाडे नव्हते तेव्हाही ते होते. आणि वाड्यात जे हिरवं राबतंय ना, पानापानांतलं, तेही मूळचं तंबूतलंच. कोणे एके काळी एका मोठ्या पेशीने अशी एक लहान हिरवी गिळली, पण पचवली नाही. ती आत पाहुणी म्हणून राहिली आणि मग घरचीच झाली, असं जाणकार सांगतात. एवढं बोलून मास्तर खिडकीबाहेर बघायला लागायचे आणि त्या दिवशीचा तास तिथेच संपायचा.

पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. जन्मभर ज्याच्याबद्दल बोलले ते त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. शेवटी तो आला तेव्हा मास्तरांच्या निवृत्तीला जेमतेम एक सत्र उरलं होतं. लाकडी पेटीत, कापसात निजवलेला, खाली उजेड पकडायचा छोटा आरसा असलेला. सत्र संपलं की पेटीची किल्ली मुख्याध्यापकाच्या हातात द्यायची आणि घरी बसायचं. त्याआधी एकदा, एकदाच, जिवंत दिहे डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

वाळलेली वडी भिजवून बघितली. हिरवा चिखल दिसला आणि वाळूचे कण. मेलेल्या तंतूंचे तुकडे, कशाचा कशाला पत्ता नाही. मग त्यांनी भीत भीत बायकोला विचारलं.

फल्माता तळ्यावर जाणाऱ्या बायकांतली. अंगाने बारीक, बोलायला फटकळ, आणि कामात तिच्यासारखी वाकबगार दुसरी नव्हती. मास्तर म्हणाले, तळ्याचं थोडं पाणी बाटलीत आणशील का, शाळेला हवंय. तिने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि हो म्हणाली.

बाटली आली. मास्तर ती छातीशी धरून शाळेत गेले. थेंब काचेवर ठेवला, नळीला डोळा लावला, आणि पांढराशुभ्र रिकामा गोल दिसला. काच हलवली, आरसा फिरवला, दुसरा थेंब घेतला. पुन्हा तेच. वर्ग उतावळा झाला होता म्हणून त्यांनी एकेकाला बघू दिलं. एक म्हणाला मला काळ्या रेघा दिसतात. दुसरा म्हणाला मलाही, हलतात. सगळ्या वर्गाला काळ्या हलणाऱ्या रेघा दिसल्या, आणि झारा नावाची एक चौकस मुलगी होती तिने शेवटी सांगितलं की सर, या आमच्याच पापण्या आहेत. मास्तरही हसले. हसताना त्यांचा चेहरा मात्र पडलेला होता.

घरी येऊन त्यांनी विचारलं, तेव्हा फल्माता अगदी सरळपणे म्हणाली, "तुम्ही पाणी मागितलंत, मी पाणी आणलं. फडक्यातून तीनदा गाळलं, हिरव्याचा टिपूससुद्धा राहू दिला नाही. ओलं हिरवं नवऱ्याच्या हातात देऊ? उद्या तळं रुसलं तर थोरली यागाना मला काठावरही उभी करायची नाही."

तिने मास्तरांचा शब्दही पाळला होता आणि तळ्याचा नेमही. रागवायला जागाच नव्हती. त्या रात्री ते न जेवता झोपले, आणि फल्माताला कळलं की आपण काहीतरी मोठं मोडलंय. काय मोडलं ते मात्र तिला समजलं नव्हतं. सकाळी तिनेच विषय काढला आणि तेव्हा पहिल्यांदा मास्तरांनी आईच्या पाठीवरचं ते हिरवं तिला सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे ती पहिल्यांदा ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली की यागानाकडे जा आणि मला सांगितलंत तसंच सांगा, शाळेतलं काही मधे घालू नका.

यागाना म्हणजे तळ्याची थोरली. पाणी कधी उघडायचं ते तीच ठरवते. ती सांगेल त्या सकाळी सगळ्या बायका एका रांगेत उभ्या राहतात आणि तिने हात खाली केला की एकदम उतरतात, म्हणजे कुणाला जास्त, कुणाला कमी असं होत नाही. मास्तर तिच्या दारात चटईवर बसले. पंचावन्न-साठीचा माणूस, पण तिच्यापुढे त्यांचा आवाज पोरासारखा झाला. त्यांनी सगळं सांगितलं. फल्माताने बजावलं होतं तरी शाळेतलं थोडं मधे आलंच.

"म्हणजे त्याच्या आत सुलतान नाही?" यागानाने विचारलं.

"नाही, आई."

"वजीर?"

"कुणीच नाही. सगळं एकाच घरात."

यागाना खूप वेळ हसली. मग म्हणाली, "तुझी आई माझ्या शेजारी उभी राहायची रे. तू तिच्या पाठीवर भोकाड पसरायचास. पण पाणी काही तुझ्या हातात द्यायची नाही मी. तुला दिलं तर उद्या दुसरा येईल, मग तिसरा. पाणी तुझ्याकडे येणार नाही." मग तिने विचारलं, "तुझ्या त्या पेटीला दाढी आहे का?"

मास्तर म्हणाले, नाही.

"मग तिला पाठव की. तिला कोण अडवतंय?"

परतताना मास्तरांना रस्ता दिसत नव्हता. पेटी जाणार होती आणि ते नाही. म्हणजे जे त्यांना बघायचं होतं ते दुसरंच कुणीतरी बघणार. त्यांना वाईट वाटलं, अगदी लहान मुलाला वाटतं तसं. पण घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं की ते दुसरं कुणीतरी म्हणजे फल्माता.

गावातल्या सगळ्यांच्या मुली त्यांनी शिकवल्या होत्या, बायकोला कधी अक्षर शिकवलं नव्हतं. आता रोज शाळा सुटल्यावर अंगणात पेटी उघडायची. आरशाला सूर्य दाखवायचा नाही, नुसतं आभाळ दाखवायचं, नाहीतर डोळा जायचा. नळी वरून खाली आणायची नाही, खालून वर न्यायची, नाहीतर काच फुटते. पहिली काच फुटलीच. फल्माता म्हणाली की मडकी घडवणाऱ्याच्या घरी थोडी फुटायचीच. मास्तरांनी कांद्याचा पातळ पापुद्रा सोलला, दवाखान्यातून आणलेल्या आयोडीनचा थेंब त्यावर सोडला, आणि बाजूला झाले.

फल्माता वाकली. शेजारच्या घरातलं मुसळ चार-दोनदा आपटलं, थांबलं, पुन्हा आपटायला लागलं, तरी ती वाकलेलीच.

"विटा रचल्यात," ती शेवटी म्हणाली. "आणि प्रत्येकीत एक दाणा आहे."

"तेच केंद्रक."

"दाणाच म्हणते मी."

मग तिने आपल्या गालाच्या आतून काडीने खरवडून काढलेलं पाहिलं. त्यातही दाणा होता. तिने मान वर केली तेव्हा ती जरा गोंधळली होती. माझ्यातही? मास्तर म्हणाले, तुझ्यात, माझ्यात, गाढवात, बाजरीच्या कणसात. दिहेत तेवढा नाही. आत बघायला गेलं तर आपण कांद्याच्या जवळचे, आणि कांदा नि दिहे दोन्ही वनस्पतींसारखे दिसले तरी लांबचे. फल्माता म्हणाली की सासरची माणसं कांद्याचे भाऊबंद आहेत हे इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं, पण डोळ्यांत पाणी यायचं कारण आता कळलं. मास्तर इतके हसले की पेटी हलली.

ते दिवस मास्तरांना स्वप्नासारखे वाटायचे. उन्हं उतरलेली, अंगणात ती दोघं, मधे ती पितळी नळी, आणि आळीपाळीने एकाच गोलात डोकावायचं. मिठाचे कण, माशाचा खवला, डासाचा पंख. कधी कधी ती बघत असताना ते तिच्याकडेच बघत बसायचे. तिचा एक डोळा मिटलेला, ओठ घट्ट, कपाळावर घाम. आपण या बाईबरोबर जन्म काढला आणि हिला पाहिलंच नाही, असं त्यांना वाटायचं. मग ते हरवायचे, आणि ती म्हणायची, या आता, पाणी थंड झालं असेल तळ्यावरचं.

यागानाने पाणी उघडलं त्या सकाळी फल्माता पेटी डोक्यावर घेऊन टेकडी चढली. मास्तर अलीकडे थांबले, गाढवांपाशी, तिथल्या एकुलत्या बाभळीखाली. पलीकडून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एकदम सगळ्या बायका पाण्यात उतरल्याचा मोठा आवाज झाला. मग हसणं, गाणं, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देणं. ऊन चढत गेलं. मास्तरांचा डोळा लागला आणि ते पाण्यात होते. हिरवं कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, आणि त्यांना भीती वाटत नव्हती. आसपास चटयांचे तंबू तरंगत होते, हजारो, एकालाही दार नव्हतं, आणि प्रत्येकातून कुणीतरी त्यांना ओळखीचं हसत होतं. एका तंबूत आई होती. तिने विचारलं, किती वेळ केलास. ते उत्तर द्यायला गेले तर गाढव ओरडलं.

फल्माता समोर उभी होती. कोपरापर्यंत हिरवी, लुगडं हिरवं, नाकावरही हिरवा डाग, कारण नळीला चेहरा लावलेला. पेटी तेवढी स्वच्छ होती, पुसून पुसून आणलेली. ती खाली बसली, पण नवऱ्याला हात लागू नये म्हणून जरा लांब.

"दिसलं?" मास्तरांना एवढंच विचारता आलं.

"दिसलं."

"दाणा?"

"नाही. तुमचं औषधही घातलं. कांद्यात घातलं की दाणा कसा गडद होतो, तसं काही झालं नाही. तीन वेगवेगळ्या जागचे थेंब घेतले. हिरवं सगळं आतून बाहेरून सारखंच. मधे कुणी नाही."

मास्तरांनी डोळे मिटले. फळ्यावर इतकी वर्षं काढलेलं खरं होतं. तेवढ्यावर ते उठले असते, पण फल्माता अजून बोलत होती.

"दोरे आहेत. पीळ दिलेले. आपण वेणी सोडली की केस वळलेले राहतात ना, तसे. आणि हलतात."

"पाण्याने हलत असतील."

"पाणी थांबल्यावरही. मी श्वास धरून बघितलं. आपापले फिरतात, स्वतःभोवती, आणि पुढे सरकतात. मळसूत्र फिरवल्यावर आत जातं तसे. घाई नाही त्यांना. एक दोरा दुसऱ्याला आडवा आला तर थांबला, आणि मग बाजूने गेला. हिरवे, हिरवे, उजेडातून उजेड जातोय, आणि सगळे चाललेत कुठेतरी." तिचा आवाज बारीक झाला. "सगळ्यांनी बघितलं. यागानाने दोनदा. ती म्हणाली, एवढं आयुष्य यांच्यावर जगलो, तोंड आज बघितलं."

मास्तर ऐकत होते. पुस्तकातली आकृती स्थिर होती. प्राध्यापकाची स्थिर होती. त्यांनी स्वतः फळ्यावर काढलेल्या तर किती, सगळ्या स्थिर, खडूने बाहेरची रेघ ओढली की संपलं. ते फिरतात, कुठेतरी जातात, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना फल्माताचा हेवा वाटला. त्यांनी तो लपवला नाही. "मला बघायचं होतं गं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं.

फल्माताने तळ्याचा नेम मोडला नाही. ती हात धुवायला गेली, वाळूने आणि मग पाण्याने, नखांतलं हिरवंसुद्धा काढलं, आणि परत येऊन त्यांचा तळहात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मग तिने आपलं बोट त्यावर टेकवलं आणि फिरवत फिरवत सावकाश पुढे नेलं, मनगटापर्यंत. "असं," ती म्हणाली. "अगदी असं." त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. तिने पुन्हा केलं.

शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी तो धडा पुन्हा एकदा घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, परीक्षेचं सगळं झालेलं होतं. डाव्या बाजूला कांद्याची पेशी काढली, मधे केंद्रक, भोवती खोल्या. उजव्या बाजूला पीळ दिलेला लांब तंतू काढला, मधे काही नाही. मग त्या तंतूशेजारी एक बाण काढला, गोल वळून पुढे जाणारा, आणि म्हणाले की हे स्वतःभोवती फिरतात आणि पुढे सरकतात.

झाराने हात वर केला. तिने पुस्तक उघडून पाहिलं होतं. पुस्तकात बाण नव्हता. ती म्हणाली, "सर, हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग कुणी पाहिलं?"

मास्तर थांबले. वर्गाला वाटलं, गेले तळ्यावर. पण ते कुठे गेले नव्हते. आमच्याकडे पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. घरचे म्हणतो, मुलांची आई म्हणतो, किंवा नुसतं तिकडे म्हणतो. कियारी मास्तरांनीही लग्न झाल्यापासून ते नाव घराबाहेर उच्चारलं नव्हतं. पण विज्ञानात ज्याने पाहिलं त्याचं नाव सांगावं लागतं, हे त्यांनीच या मुलांना शिकवलं होतं. ते फळ्याकडे वळले आणि बाणाच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं: फल्माता. मग ते मोठ्याने वाचलंही.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. झाराने मान खाली घालून ते नाव बाणाखाली उतरवून घेतलं, आणि तिचं बघून बाकीच्यांनीही.